बावीस नंबरचा गॅस आणि मॉन्ट्रियलचा करार: देश दिलेला शब्द का पाळतात?

अक्षांश

मागच्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या घरातला जुना एसी नुसता वारा मारायला लागला. ओळखीचा मेकॅनिक आला, गेज लावून बघितला आणि म्हणाला, "काका, गॅस गेलाय. बावीस नंबर आहे. आता भरून देतो, पण पुढच्या वेळी मशीनच बदला. हा गॅस संपत चाललाय."

संपत चाललाय म्हणजे काय, विहिरीतून काढतात का, असं मी गमतीत विचारलं. तो म्हणाला, "नाही हो, वरून बंद करतायत."

हे 'वरून' कुठून, ते शोधत बसलो आणि आठवडा त्यातच गेला. वरून म्हणजे दिल्लीहून, आणि दिल्लीला ते आलं मॉन्ट्रियलहून. १६ सप्टेंबर १९८७ ला २४ देश आणि युरोपीय आर्थिक समुदाय यांनी तिथे करारावर सह्या केल्या. फ्रीज, एसी, स्प्रेचे डबे आणि फोम यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी वायू, ओझोनचा थर खातात. म्हणून ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे. मूळ करार इतकाच, आणि तोही सौम्य. नंतर तो कडक होत गेला. सीएफसी बंद झाले, त्यांच्या जागी आलेले बावीस नंबरसारखे एचसीएफसी आता बंद होतायत, आणि त्यांच्या जागी आलेल्या एचएफसींनाही २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीच्या बैठकीत तारखा लागल्या. आज करारात १९८ सदस्य आहेत. संयुक्त राष्ट्रांतला एकही देश बाहेर नाही.

धागा काढायचं खरं कारण आमचा भाचा. तो म्हणतो, आंतरराष्ट्रीय करार म्हणजे फोटो काढायची सोय. वर पोलीस नाही, कोर्ट नाही, ज्याला मोडायचा तो मोडतो. मलाही आजवर तसंच वाटायचं. पण मग हा करार का चालला?

ओझोन कुणा एकाचा नाही. मी सीएफसी बंद केले तर खर्च माझा आणि फायदा सगळ्या जगाचा. मी चालू ठेवले आणि बाकीच्यांनी बंद केले तर मला फायदा फुकट. प्रत्येक देशाने असा हिशेब केला की कुणीच काही करत नाही. या करारात काहीतरी असं शिवलेलं होतं की हिशेबच उलटा झाला. मला जे सापडलं ते कलम ४ मध्ये. करारात नसलेल्या देशाकडून सीएफसी घ्यायचे नाहीत, त्याला विकायचे नाहीत, आणि पुढे जाऊन सीएफसी असलेल्या वस्तूही त्याच्याकडून घ्यायच्या नाहीत. म्हणजे तुम्ही बाहेर राहून खुशाल सीएफसी बनवा, पण फ्रीज आणि गाड्या विकणार कुणाला? सुरुवातीला चार जण आत असताना या धमकीला कुणी विचारत नव्हतं. अमेरिका, युरोप आणि जपान आत गेल्यावर मात्र बाहेर राहणं दरवर्षी महाग होत गेलं. दक्षिण कोरिया १९९२ मध्ये आत आला. तैवानला तर सदस्य होताही येत नाही, पण निर्यात अडेल या धास्तीने त्यांनीही नियम पाळले. सही न करता!

शिक्षा फारशी द्यावीच लागली नाही. ती लिहून ठेवलेली होती, तेवढं पुरलं.

माझं म्हणणं एवढंच की देश चांगले असतात की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि करार कसा शिवलाय ते बघावं. तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी चुका दाखवाव्यात. चूभूदेघे.

खडीसाखर

वाचतेय. आमच्या शाळेत १६ सप्टेंबरला ओझोन दिनाची चित्रकला स्पर्धा असते. दहा वर्षं मुलांकडून छत्री घेतलेली पृथ्वी रंगवून घेतली, पण कलम ४ आजच कळलं.

तिरपागडा

लेख चांगला आहे, पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. कलमांची शिवण वगैरे ठीक. कापड कुणाचं होतं ते बघा.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसीमुळे ओझोन नष्ट होईल असं मांडलं, तेव्हा ड्यूपॉन्ट कंपनी त्यांच्यावर तुटून पडली होती. जगातल्या सीएफसीपैकी अंदाजे चौथाई माल तिचा. मग हीच कंपनी १९८६ मध्ये म्हणते की निर्बंध चालतील, आणि मार्च १९८८ मध्ये जाहीर करते की आम्ही उत्पादनच बंद करणार. साक्षात्कार झाला का? सीएफसी हा तोवर जुना, स्वस्त माल झाला होता, कुणीही बनवत होतं, नफा आटला होता. पर्यायी रसायनं महाग होती, पेटंटची होती, आणि कायद्याने सक्ती झाल्याशिवाय ती कुणी घेतली नसती. म्हणजे कंपनीला सरकारकडून बाजारपेठ हवी होती. करार झाला, बाजारपेठ मिळाली. यात संस्थांचं कर्तृत्व काय?

अक्षांश

तिरपागडा, अर्धं मान्य.

पण ड्यूपॉन्ट जगभरचा करार का मागत होती, ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेने १९७८ मध्येच स्प्रेच्या डब्यांत सीएफसी वापरायला बंदी केली होती. युरोपीय समुदायात तशी सरसकट बंदी नव्हती. ब्रिटन आणि फ्रान्स शेवटपर्यंत ओढून धरत होते. तिकडे अमेरिकेत पर्यावरणवाद्यांनी सरकारला कोर्टात खेचलं होतं आणि देशांतर्गत आणखी कडक नियम येणार हे दिसत होतं. मग अमेरिकी कंपन्या म्हणाल्या, नियम येणारच असतील तर ते सगळ्यांना येऊ देत, आम्हालाच एकट्याला नकोत. म्हणजे आधी घरातल्या संस्थांनी, कायदा, कोर्ट, मतदार यांनी, कंपनीचा हिशेब बदलला आणि मग कंपनीने देशाचा. रेगनसारखा नियमनाचा तिटकारा असलेला अध्यक्ष या कराराच्या बाजूने उभा राहतो, याचा उलगडा मला तरी असाच होतो. शिवाय त्यांच्या पर्यावरण खात्याने हिशेब मांडला होता की त्वचेच्या कर्करोगातून वाचणाऱ्या जिवांची किंमत धरली तर अमेरिकेने एकटीने सीएफसी सोडले तरी ते फायद्याचंच आहे.

कंपनीचा स्वार्थ होता, हे खरंच. तो नसता तर करार झाला नसता, हेही कदाचित खरं. पण स्वार्थ १९७४ लाही होताच की, तेव्हा तो उलट्या दिशेला ओढत होता.

पांझराकाठ

अक्षांश, तुम्ही लिहिलंय ते वाचून आमच्याकडची फड पद्धत आठवली. साक्री तालुक्यात पांझरेवर जुने बंधारे आहेत. एका बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने आपल्या हाताने दार उघडायचं नाही.

यातली खरी मेख लोकांना माहीत नसते. एकाच माणसाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. त्यामुळे वरच्या फडातला माणूस खालच्या फडाचं पाणी तोडत नाही, कारण खाली त्याचंही वावर आहे. माझे आजोबा काही संत नव्हते. बांधावरून भावाशी कोर्टात गेले होते. पण पाण्याच्या पाळीला त्यांनी कधी हात लावला नाही.

देशांचं वावर दुसऱ्याच्या फडात असतं का? तुमच्या कलम ४ ने बहुतेक तेच केलं. व्यापार म्हणजे दुसऱ्याच्या फडातलं वावर.

खडीसाखर

पांझराकाठ, शेवटची ओळ वहीत लिहून घेतली.

सहावा मजला

एवढं सगळं लिहून काय उपयोग? सुरक्षा परिषदेत पाच जणांकडे नकाराधिकार आहे तोवर हे सगळे करार म्हणजे कागदी वाघ. काश्मीरवर काय केलं यूएनने? पाकिस्तानला

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातला विषयाबाहेरचा मजकूर काढला आहे. काश्मीरसाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत.

दिवेलागण

भारताची बाजू कुणीच मांडली नाही, म्हणून लिहिते.

१९८७ चा करार झाला तेव्हा आपण आणि चीन, दोघेही बाहेर होतो, आणि त्याला कारण होतं. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती, माणशी ०.३ किलोच्या आत वापर असेल तर. आपला वापर त्याच्या कितीतरी खाली होता. भोक पाडलं कुणी आणि फ्रीज घेऊ नका सांगताय कुणाला, हा प्रश्न रास्त होता. घरोघरी फ्रीज यायला नुकती सुरुवात होत होती. आमच्या वाड्यात १९८८ मध्ये एकच फ्रीज होता आणि उन्हाळ्यात त्यात सात घरांचा बर्फ लागायचा.

जून १९९० मध्ये लंडनला बैठक झाली. आपल्याकडून पर्यावरणमंत्री मेनका गांधी गेल्या होत्या. भूमिका साधी होती: पर्यायी तंत्रज्ञान द्या आणि त्याचा जास्तीचा खर्च द्या, मग येतो. अमेरिकेचा आधी अशा मदतीच्या फंडालाच विरोध होता, कारण उद्या हवामानबदलाच्या वाटाघाटीत हेच मागतील. शेवटी फंड मान्य झाला आणि कलम १० मध्ये एक वाक्य घालून घेतलं गेलं की या व्यवस्थेचा इतर पर्यावरणीय प्रश्नांबाबतच्या पुढच्या व्यवस्थांवर परिणाम होणार नाही. पुढच्या तीस वर्षांचं भांडण त्या एका वाक्यात दिसतं.

आता आकड्यांकडे बघा, म्हणजे अक्षांशना हवी ती शिवण दिसेल. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर. भारत आणि चीन आत आले तर आणखी ८ कोटी. आपल्या दोघांची किंमत चक्क फंडाच्या आकड्यात धरली होती! चीन १९९१ मध्ये आला, आपण जून १९९२ मध्ये.

आणि पैशापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कलम ५ मध्ये मान्य झालं की विकसनशील देशांना बंधनं पाळता येणं हे मदत आणि तंत्रज्ञान खरंच मिळण्यावर अवलंबून राहील. तुम्ही दिलं नाहीत तर आमच्याकडे बोट दाखवू नका. सौदा दोन्ही बाजूंनी बांधलेला होता.

तंत्रज्ञानाबाबत मात्र हात आखडताच राहिला. १३४-ए, म्हणजे फ्रीजमध्ये सीएफसीच्या जागी आलेला वायू, त्याच्या तंत्रज्ञानासाठी आपल्या कंपन्या पेटंटवाल्यांकडे गेल्या तेव्हा सांगितलेली किंमत परवडण्यापलीकडची होती. शेवटी एसआरएफ या भारतीय कंपनीने ते इथेच विकसित केलं. तरीही आपण १ ऑगस्ट २००८ पासून सीएफसींचं उत्पादन बंद केलं. दम्याच्या पंपांसाठीचा औषधी वापर तेवढा राहिला. ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी! याची बातमी कुणी वाचल्याचं आठवतंय का?

तिरपागडा

दिवेलागणताई, प्रतिसाद आवडला. पण १७ महिने आधी का, तेही सांगा की. कारखाने बंद करायला फंडाचे पैसे मिळत होते, दरवर्षीच्या कोट्यानुसार हप्त्याने.

दिवेलागण

मिळत होते, आणि त्यात वावगं काय? कारखानदाराने फुकट बंद करावा अशी अपेक्षा होती का? मुद्दा हा की पैसे 'करू' म्हटल्यावर मिळत नव्हते, केल्याचा पुरावा तपासल्यावर पुढचा हप्ता सुटायचा. आपल्याकडच्या कुठल्या योजनेत असं होतं सांगा.

फंडाची कार्यकारी समितीही बघा. १४ सदस्य, ७ श्रीमंत देशांचे आणि ७ आपल्यासारखे. मतदान झालंच तर दोन तृतीयांश तर हवेतच, शिवाय दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत हवं. त्यामुळे देणारा दादागिरी करू शकत नाही आणि घेणारा नुसताच ओरबाडू शकत नाही. वॉशिंग्टनच्या मोठ्या बँकांत जसं ज्याचे पैसे त्याची मतं असतात, तसं इथे नाही.

अक्षांश

ताई, तुमच्या प्रतिसादाचाच खरं तर धागा व्हायला हवा होता.

त्याच फंडाची आणखी एक गोष्ट मला फार हुशारीची वाटली. कारखाने बदलण्याबरोबरच प्रत्येक विकसनशील देशात एक छोटं कार्यालय चालवायला पैसे दिले गेले. आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयातला ओझोन सेल तो हाच. मंत्री बदलतात, सरकारं बदलतात, पण त्या खोलीतल्या माणसाचं रोजचं काम हेच असतं: आकडे गोळा करा, परवाने तपासा, अहवाल पाठवा. करार जिवंत राहायला शिखर परिषदेपेक्षा अशी एखादी खोली जास्त उपयोगी पडत असावी. (मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत, त्यामुळे माझा कल तिकडे असणारच.)

गॅसवाला नाशिक

नमस्कार मंडळी. मी लिहिणाऱ्यातला नाही, वाचत असतो. पण विषय आमच्या पोटापाण्याचा निघाला म्हणून चार ओळी.

२४ वर्षं फ्रीज-एसीचं काम करतोय. आयटीआय झाल्यावर उस्तादाकडे लागलो तेव्हा फ्रीजला बारा नंबर होता. मग १३४ आला. आता फ्रीजला ६००, तो पेटतो, त्यामुळे तिथे ब्रेझिंग करताना जीव मुठीत. एसीला बावीस, मग ४१०, आता सगळीकडे बत्तीस. दर वेळी तेल वेगळं, प्रेशर वेगळं, गेज वेगळा. तुम्ही करार म्हणता, आम्ही त्याला नवीन हत्यारं घ्यायचा खर्च म्हणतो.

ट्रेनिंग मिळालं, खोटं बोलणार नाही. दोन दिवसांचं होतं, जेवण होतं, सर्टिफिकेट होतं. त्यात शिकवलं की गॅस हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. बरोबर आहे. पण चौथ्या मजल्यावर, मे महिन्यात, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना, वीस किलोचं मशीन वर नेऊन अर्धा तास गॅस ओढायचे पैसे कोण देतं? कुणीच देत नाही. शेजारचा मेकॅनिक नट ढिला करतो, फुस्स, पाच मिनिटांत मोकळा. तो दिवसात सहा कामं करतो, मी चार. दिल्लीचा आणि मॉन्ट्रियलचा हिशेब तुम्ही लावलात. गच्चीवरचा हिशेब अजून कुणी लावलेला नाही.

आणि एक. गॅस महाग झाला की भेसळ येते. लेबल एक, आत भलतंच. एकदा अशा सिलिंडरने दोन कॉम्प्रेसर खाल्ले माझे.

खडीसाखर

गॅसवाला, लिहीत जा हो. हा धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद आहे.

उत्तरायण

गॅसवाले दादांनी गळती आणि भेसळीचा विषय काढलाच आहे, तर मोठ्या प्रमाणावरची चोरी सांगतो. मी वातावरणीय रसायनशास्त्राच्या काठाकाठाने काम करतो.

सीएफसी-११ चं उत्पादन २०१० पासून जगभर शून्य असायला हवं होतं. हवेतलं प्रमाण हळूहळू घटत होतं, पण २०१२ नंतर ते हवं त्या वेगाने घटेना. मे २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला की कुणीतरी नव्याने बनवतंय. कोण, ते पुढच्या वर्षी कळलं. कोरियाच्या जेजू बेटावर गोसान आणि जपानच्या हातेरुमा बेटावर हवेचे नमुने घेणारी केंद्रं आहेत. वाऱ्याची दिशा मागे मागे नेत शास्त्रज्ञ पूर्व चीनमधल्या शांडोंग आणि हपै प्रांतांपर्यंत पोचले. वर्षाला अंदाजे ७ हजार टन जास्तीचं उत्सर्जन तिथून होत होतं. एका स्वयंसेवी संस्थेने तर गिऱ्हाईक बनून फोम कारखान्यांशी बोलणी केली, आणि कारखानदारांनी सरळ सांगितलं की हाच वापरतो, स्वस्त पडतो.

म्हणजे भाच्याचं बरोबर? थांबा. चीनने आधी खळखळ केली, मग धाडी टाकल्या, कारखाने बंद केले. २०२१ मध्ये नवे आकडे आले तेव्हा उत्सर्जन पुन्हा खाली आलेलं होतं. ना युद्ध, ना निर्बंध. चीनला फंडातून आजवर मिळालेले आणि पुढे मिळायचे पैसे, किगालीच्या वाटाघाटीतलं वजन, हे सगळं पणाला होतं. आणि हवेतला आकडा नाकारता येत नाही.

एक काळजी मात्र आहे. पकडलं गेलं ते वाऱ्याच्या वाटेवर दोन बेटं होती म्हणून. जगाच्या फार मोठ्या भागात अशी केंद्रं नाहीत. करारात स्वतःचे निरीक्षक नाहीत; देश जे आकडे देईल ते धरायचे. शांडोंगऐवजी ही चोरी दुसरीकडे कुठे झाली असती तर कदाचित अजून शोधत बसलो असतो.

अक्षांश

उत्तरायण, हे मला माहीतच नव्हतं. 'पोलीस नाही' हे भाच्याचं वाक्य निम्मं बरोबर आहे तर. पोलीस नाही, पण शेजारच्या बेटावर नाक आहे.

रशियाचंही असंच काहीसं दिसतं. सोव्हिएत संघ फुटल्यावर रशिया, बेलारूस आणि युक्रेनला मुदत पाळता येईना. १९९५ मध्ये त्यांचा विषय अंमलबजावणी समितीपुढे आला. हाकलून दिलं नाही. मदत दिली, पण त्यांच्या निर्यातीवर अटी घातल्या आणि कारखाने कधी बंद करणार ते लिहून घेतलं. वेळ लागला, पण बंद झाले. बुडालेल्या कर्जदाराला हप्ते पाडून देणारी पतपेढी जशी वागते, तसं.

तिरपागडा

तुमचं प्रलोभनांचं कौतुक फार झालं, आता त्यांची दुसरी बाजू. आणि ही गोष्ट तुमच्याच बावीस नंबरची आहे.

बावीस नंबर बनवताना एचएफसी-२३ नावाचा वायू थोडासा आपोआप तयार होतो. ओझोनला तो काही करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात, तेव्हाच्या हिशेबाने, एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड. हवामानबदलाच्या क्योटो करारात गरीब देशांसाठी योजना होती: उत्सर्जन टाळा, क्रेडिट मिळवा, युरोपला विका. एचएफसी-२३ जाळायला टनामागे (कार्बनच्या मापात) एक युरोही लागत नव्हता, आणि क्रेडिट विकलं जायचं दहा युरोच्या आसपास. मग काय झालं असेल? टाकाऊ वायू हाच मुख्य माल झाला आणि बावीस नंबर जोडधंदा. काही कारखाने क्रेडिटची मर्यादा गाठेपर्यंत उत्पादन रेटत आणि मर्यादा भरली की सुस्तावत. चीनमध्ये झालं, भारतातल्या कारखान्यांनीही या क्रेडिटवर भरपूर कमावलं. एक करार म्हणतोय बावीस नंबर कमी करा, दुसरा करार तोच बनवायला पैसे देतोय!

शेवटी युरोपने मे २०१३ पासून ही क्रेडिट घेणं बंद केलं. पैसे बंद झाल्यावर वायू जाळायचा कशासाठी, हा प्रश्न आलाच. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने आदेश काढला की कारखानदारांनी तो स्वखर्चाने जाळायचा. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

तेव्हा संस्था असल्या आणि प्रलोभनं असली की देश सरळ वागतात, असं नाही. जे मोजाल त्याचं पीक येतं.

दिवेलागण

हे तुमचं पटलं. पण फरक बघा: मॉन्ट्रियलचा फंड 'बदलायला किती जास्त खर्च आला' तेवढाच द्यायचा, तपासून. क्योटोची योजना बाजारभाव द्यायची. खर्च भरून देणं वेगळं आणि नफा लावून देणं वेगळं.

तिरपागडा

मान्य. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, वारंवार होत नाही.)

बंदरावरचा बगळा

अवांतर, पण तितकंही नाही. मी न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी 'एमबी' असा ठसा कधी बघितलाय का? एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, किडे मारायची धुरी. तोही ओझोन खातो, तोही मॉन्ट्रियलच्या यादीत आहे, शेतीतला त्याचा वापर जवळजवळ बंदही झाला. पण क्वारंटाइनची धुरी करारातून वगळली आहे. कारण उघड आहे. ती बंद झाली तर प्रत्येक देशाचा आयात-निर्यातीचा माल बंदरात अडकेल, म्हणजे नुकसान सगळ्यांचं आणि आजच. जिथे सगळ्यांचाच हिशेब एका बाजूला जातो, तिथे करार हळूच डोळा मिटतो.

पांझराकाठ

बगळेराव, फडातही एक वावर देवाच्या नावाचं असायचं, त्याची पाळी कुणी मोजायचं नाही. :)

खडीसाखर

मग कार्बनसाठी हेच का करत नाहीत? प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा.

अक्षांश

बाळबोध अजिबात नाही, पण माझं उत्तर अर्धवट आहे.

सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या होत्या. कार्बन सगळेच सोडतात, चुलीपासून विमानापर्यंत. एवढं म्हणून लोक थांबतात. पण १९८७ मध्ये सीएफसीलाही सगळीकडे पर्याय तयार नव्हते. सर्किट बोर्ड धुवायला सीएफसी-११३ लागायचा आणि त्याशिवाय इलेक्ट्रॉनिक्स चालणारच नाही असं म्हणत. मग कराराच्याच तांत्रिक समितीत कंपन्यांचे इंजिनिअर बसवले, आणि काही वर्षांत त्यांनी बोर्ड न धुताच भागेल असं सोल्डरिंग वापरात आणलं. मुदत ठरली म्हणून शोध लागले. शोध लागेपर्यंत थांबले असते तर मुदतच ठरली नसती. आणखी एक सोय होती: आधीच यादीत असलेल्या वायूंची कपात वाढवायची असेल तर दोन तृतीयांश मतांनी ती सगळ्यांना लागू, प्रत्येक संसदेची नवी मंजुरी नको.

क्योटोत यातलं फारसं नव्हतं. लक्ष्य चुकलं तर दंड काय, तर पुढच्या फेरीत १.३ पट भरून काढा. पुढच्या फेरीत बसायचं की नाही हे देशाच्याच हातात! कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचं कळवलं आणि विषय संपला. त्यानंतरच्या पॅरिस करारात तर दंडच नाही. अमेरिका २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायचा आदेश. त्याच अमेरिकेच्या सिनेटने २०२२ मध्ये किगालीची दुरुस्ती ६९ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केली. तेच सिनेट, तीच भांडणं. पण किगालीत २०३३ पासून बाहेरच्यांशी एचएफसीचा व्यापार बंद आहे, आणि नव्या वायूंचे कारखाने अमेरिकी कंपन्यांचे आहेत.

दिवेलागण

आणि आता युरोप कार्बनसाठी तेच करू बघतोय. सीमेवरचा कार्बन कर: पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं युरोपात पाठवायची तर बनवताना किती कार्बन सोडला ते दाखवा आणि जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे मोजा. मला हे वाचून पहिलं मनात आलं ते हे की यांनी कलम ४ उचललं आणि कलम १० विसरले. दरवाजा बंद करायची धमकी तीच, पण आत यायला मदत नाही, चौदाजणांची समिती नाही, दोन्हीकडच्या बहुमताची अट नाही. नियम एकाने करायचा आणि बाकीच्यांनी पाळायचा. भारत विरोध करतोय त्यात मला नवल वाटत नाही.

उत्तरायण

ताई, नवल मलाही नाही. पण परिणाम बघा: आपल्याकडे स्वतःची कार्बन क्रेडिट बाजारपेठ उभी करायच्या हालचालींना जोर आला तो याच काळात. पैसे द्यायचेच तर ब्रुसेल्सला कशाला, घरीच गोळा करू. धमकी अन्यायाची असली तरी हिशेब बदलतेच.

दिवेलागण

बदलते. पण अन्यायाने बदललेला हिशेब संधी मिळाली की परत फिरतो. १९९० मध्ये आपण भांडून आत गेलो आणि मग मुदतीआधी काम केलं. ढकलून आत नेलं असतं तर केलं असतं का?

तिरपागडा

हे तुम्ही मोजून दाखवू शकत नाही, पण मीही खोडून काढू शकत नाही.

गॅसवाला नाशिक

मंडळी, एक शंका. ते किगाली म्हणताय त्यात बत्तीस नंबर पण येतो का? नवीन गेज, नवीन पंप घेऊन दोनच वर्षं झालीत.

अक्षांश

येतो. बत्तीस नंबर एचएफसीच आहे. पण घाई नाही. भारताने २०२१ मध्ये ते मंजूर केलं, २०२८ ला वाढ गोठवायची, २०३२ पासून १० टक्के कपात आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. गोदरेजने २९० नंबरचे, म्हणजे प्रोपेनचे, एसी २०१२ मध्येच आणले होते.

गॅसवाला नाशिक

२९० माहितीये. स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊच तो. थंडावा झकास, पण बेडरूममध्ये बसवताना गिऱ्हाईकाला सांगायची हिंमत पाहिजे.

बरं अक्षांशकाका, सगळा धागा वाचला, पण एक कुणी विचारलंच नाही. तुमच्या मेकॅनिकने गॅस भरला, पण लीकेज काढलं का? गॅस संपत नसतो काका, तो काही पेट्रोल नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय.

अक्षांश

नाही काढलं. भरला आणि गेला. पैसेही गॅसचेच घेतले.

गॅसवाला नाशिक

मग तो पुढच्या मे मध्ये परत येणार. फ्लेअर नट बघायला सांगा, बाहेरच्या युनिटजवळचे दोन. साबणाचा फेस लावला तरी दिसतं.

अक्षांश

आत्ताच फेस लावून बघितला. खालच्या नटावर बुडबुडे येतायत.